फुकट कोठार निवड समिती

फुकट मिळणारी वस्तू निवडायला माणसाला किती वेळ लागावा? मला सात महिने लागले. त्यात माझे चार किलो वजन उतरले, घरात दोनदा अबोला झाला आणि पोर्तुगालमधल्या एका बावीस वर्षांच्या मुलाने मला 'हाय दिगंबर' म्हटले. यातली शेवटची गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही.

मी दिगंबर सोवनी. स्वारगेटजवळच्या ज्ञानवर्धन पत्रद्वारा शिक्षण मंडळात एकतीस वर्षे भूगोल शिकवला. शिकवला म्हणजे टपालाने पाठवला. शाळा अर्धवट सुटलेली कामकरी माणसे आमची विद्यार्थी. आम्ही धडे लिहून पाकिटातून पाठवायचे, त्यांनी स्वाध्याय सोडवून उलट टपाली धाडायचे. एकतीस वर्षांत मी हजारो विद्यार्थ्यांना नद्या, पर्वत आणि वारे शिकवले, आणि त्यांतले फार तर पन्नास मी चेहऱ्याने ओळखतो. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात टपालखाते असावे, हे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे.

२००८च्या जानेवारीत आमचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी मला बोलावून घेतले. आप्पासाहेब धायरीचे. गाव शहरात आले, शेतात इमारती आल्या आणि आप्पासाहेब शिक्षणक्षेत्रात आले. ''आमच्या रानात आता ज्वारीच्या जागी पार्किंग पिकतंय,'' असे ते स्वतःच सांगतात. माणूस मोकळा.

''सोवनी सर,'' ते म्हणाले, ''समदं जग ऑनलाइन चाललंय आन् आपण अजून पाकिटं चाटतोय. एक ऑगस्टला आपला वर्धापनदिन. त्या दिवशी आपलं बी ऑनलाइन सुरू झालं पायजे. ते ओपन सोर्स का काय, फुकट असतंय म्हणं. तेवढं बघा. सुरू झालं की तुमची दोन वर्सं मुदतवाढ पक्की.''

तीस सप्टेंबरला मी निवृत्त व्हायचा होतो. मुदतवाढ मला पगारासाठी हवी होती असे कोणी समजू नये. मंडळात मी 'सोवनी सर' होतो. घरी मी 'अहो' होतो, आणि 'अहो'ला दळण आणण्यापलीकडे फारसे अधिकार नसतात. सौ. प्रेमलाने तर माझ्या निवृत्तीनंतरचे वेळापत्रकही तयार ठेवले होते. त्यात सकाळी सातला हास्यक्लब होता. हास्यक्लबात जाऊन मोठ्याने हसण्याइतके वाईट मी कोणाचे केलेले नाही. म्हणून त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या गोपाळकृष्ण दातारांना मी सहज बोलता बोलता सांगून टाकले, ''मुदतवाढ मिळाली.''

''पत्र आलं?'' दातारांनी विचारले. ते नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या लेखी, पत्र नसेल तर माणसाचा जन्मही झालेला नसतो.

''येईल,'' मी म्हणालो.

''आल्यावर सांगा. मग अभिनंदन करू.''

मंडळाने रीतसर 'मुक्त-स्रोत आशय-कोठार निवड समिती' नेमली. समितीत मी आणि आमच्या ग्रंथपाल नंदाताई ओव्हाळ. नंदाताईंच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा जाऊन तिथे पुस्तकांचे कपाट आले, असे त्या सांगतात. पुस्तकाला थुंकी लावून पान उलटणाऱ्या माणसाकडे त्या ज्या नजरेने बघतात, ती नजर त्या कपाटासमोर तयार झाली असावी. बोलतात कमी. समितीत दोघांपैकी एक जण कमी बोलणारा असणे आवश्यकच होते.

आशय-कोठार म्हणजे काय, हे मला माझ्या मुलीने, ऋतुजाने समजावून दिले. ती हिंजवडीला कंपनीत आहे.

''बाबा, सिंपल आहे. रिपॉझिटरी म्हणजे गोडाउन. तुमचे धडे, ऑडिओ, जुने पेपर्स, सगळं एका जागी, प्रॉपर लेबल लावून. स्टुडंट साइटवर येतो, साइट गोडाउनमधून धडा उचलते आणि त्याला दाखवते. ओपन सोर्स म्हणजे कोड ओपन. कोणीही घ्या, बदला, वाटा.''

''आणि मालक?''

''मालक असा कोणी नसतो.''

''मग भांडायचं कोणाशी?''

ऋतुजा जेवायला निघून गेली. पण प्रश्न रास्त होता. तो मी दातारांना विचारला. ते म्हणाले, ''फुकट देतायत? कोणी फुकट घर देत असेल तर मी आधी शेजारी बघून येईन.'' हे बोलताना ते माझ्याकडे का पाहत होते, ते कळले नाही.

इंटरनेटवर शोधता शोधता अशी अकरा कोठारे सापडली. नंदाताईंनी दोन दिवसांत आठ बाद केली. उरलेल्या तिन्हींची नावे इतकी विचित्र होती की, आम्ही त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणू लागलो. तिन्ही आमच्या कार्यालयातल्या एका जुन्या संगणकावर चढवल्या. पहिल्याच दिवशी कळले की आमचे धडे कोणालाच वाचता येत नाहीत. आमच्याकडचे चारशे बारा धडे छपाईसाठी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले होते. कोठारात घातल्यावर 'महाराष्ट्राचे हवामान' या धड्याच्या जागी चौकोन, टोप्या आणि उलटी प्रश्नचिन्हे उमटली. मधलीने तर तेवढेही न दाखवता धडा गिळून टाकला. तो आजतागायत सापडलेला नाही. धडे पुन्हा टाइप करणे आले. समितीत टायपिंग येणारा सदस्य नव्हता, म्हणून दोन्ही सदस्य शिकले.

थोरली फार कडक होती. एक धडा आत घेण्यापूर्वी ती सव्वीस प्रश्न विचारायची. लेखक कोण, प्रकाशक कोण, भाषा कोणती, हक्क कोणाचे, यापूर्वीची आवृत्ती कुठे आहे. नंदाताईंना ती फार आवडली. त्यांना मी इतके प्रसन्न कधी पाहिले नव्हते. मलाही तिच्याबद्दल आदर होता, पण अकरा धडे चढवून झाल्यावर माझा उजवा हात खांद्यापासून दुखू लागला. धाकटी साधी होती. चार प्रश्न विचारायची, दिसायला बेताची, पण दिलेली वस्तू परत द्यायची.

''आपल्याला काय आवडतं, ते राहू द्या, सर,'' नंदाताई म्हणाल्या. ''एखाद्या विद्यार्थ्याला बसवून बघूया.''

मला हे फारसे रुचले नाही. विद्यार्थी समोर बसवायची मला सवय नव्हती. पण समितीत मतभेद झाल्यास अध्यक्षांचे मत निर्णायक धरायचे होते आणि अध्यक्षपदाचा प्रश्न आम्ही सोडवलाच नव्हता.

विद्यार्थी मिळाले ते दत्तोबा. कसबा पेठेत तांब्याच्या भांड्यांचे काम करतात. वय शेचाळीस. दहावीला भूगोलात तीनदा गेले होते. मुलगी पुढच्या मार्चात दहावीला बसणार होती, आणि तिच्या आधी, येत्या ऑक्टोबरात, आपण सुटायचे असा त्यांनी पण केला होता. पण अडचण अशी की, त्यांना फक्त गुरुवारी सवड असे. गुरुवारी वीज जाते, भांड्यांना झिलई द्यायचे यंत्र बंद, म्हणून दत्तोबा मोकळे. आणि त्याच विजेवर आमचाही संगणक चालत असल्यामुळे, दत्तोबा मोकळे असले की आमचे कोठार बंद. तीन गुरुवार आम्ही दोघे काळ्या पडद्यासमोर बसून चहा प्यालो. शेवटी एका रविवारी पहारेकरी सर्जेराव यांना विनंती करून कुलूप उघडून घेतले.

परीक्षा सोपी होती. धडा सातवा, 'ग्रहीय वारे', शोधून उघडायचा. हा धडा दत्तोबांना तीनदा नडला होता. थोरलीपुढे ते वीस मिनिटे हात जोडल्यासारखे बसले. मधलीने त्यांना स्पॅनिश भाषेत काहीतरी विचारले. धाकटीत त्यांनी चुकत चुकत सहा मिनिटांत धडा उघडला आणि पडद्यावरचे वाऱ्यांचे बाण पाहून म्हणाले, ''अरेच्चा, हे असे वळतात होय! पाकिटातल्या कागदावर मला ते मुंग्या वाटायचे.''

एकतीस वर्षे मी त्या मुंग्या पाठवत होतो. मला वाईट वाटले, हे कबूल करतो. पण धाकटी ठरली.

निवड झाली म्हणजे काम झाले असे आम्हांला वाटले. कार्यालय अधीक्षकांना तसे वाटले नाही. मंडळाच्या नियमाप्रमाणे कोणतीही वस्तू घेताना तीन ठिकाणचे प्रस्ताव, सही-शिक्क्यानिशी, जोडावे लागतात.

''पण वस्तू फुकट आहे,'' मी म्हणालो.

''वस्तू फुकट असेल, सर. नियम नाही.''

मग मी तिन्ही कोठारांच्या कर्त्यांना पत्रे पाठवली. ही मंडळी इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक फलकावर भेटतात. तिथे लिहिलेले साऱ्या जगाला दिसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पत्र इंग्रजीत होते, पण वळण मंडळाचेच. विषय, संदर्भ, जावक क्रमांक. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपला जबाबदार प्रतिनिधी प्रस्तावाच्या तीन प्रतींसह कार्यालयीन वेळेत, दुपारचे एक ते दोन वगळून, समक्ष पाठवावा. तसेच आपली माहितीपुस्तिका अत्यंत निकृष्ट असून, तिचा लेखक शिक्षकी पेशात नसावा असे दिसते. याबाबत खुलासा करावा.'

थोरली आणि मधली गप्प राहिल्या. धाकटीकडून चार तासांत उत्तर आले. लिहिणाऱ्याचे नाव तियागो. 'हाय दिगंबर! आमची कंपनी नाही. आम्ही जगभरातली चाळीसेक माणसं आपापली कामं सांभाळून हे करतो. शिक्का कोणाकडेच नाही. पुस्तिकेबद्दल तुझं म्हणणं अगदी खरं आहे. तूच लिहितोस का?'

खाणावळीत आमटी खारट झाली म्हणून तक्रार करावी आणि मालकाने 'मग आत या आणि तुम्हीच करा' म्हणावे, त्यातला हा प्रकार होता. वर एकेरीत. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद नसतो हे मी जाणतो, पण 'हाय दिगंबर' या दोन शब्दांत तो कसा ऐकू येतो, हेही जाणतो. मी ते पत्र छापून नंदाताईंपुढे ठेवले.

त्यांनी चष्मा लावून वाचले. ''मग लिहा की, सर. आपल्याला दुसरं काय येतं?''

मी लिहिले, अर्थात इंग्रजीत. आता पत्रद्वारा शिक्षणाचा धडा लिहायची एक रीत असते. आधी उद्दिष्ट, मग विवेचन, मग उदाहरण, मग स्वाध्याय, शेवटी नमुना उत्तर. विद्यार्थी दिवसभर राबून रात्रीचा एकटा वाचत असतो, हे धरून प्रत्येक तिसऱ्या धड्याअखेर मी एक ओळ घालत आलो आहे: 'आता उठावे, पाणी प्यावे, मग पुढील धडा सुरू करावा.' कोठाराच्या पुस्तिकेतही मी तेच केले. उदाहरणात कोणीतरी माणूस लागतो म्हणून लिहिले, 'समजा, कसबा पेठेतील श्री. दत्तोबा यांना धडा सातवा शोधावयाचा आहे.' अशी बावीस प्रकरणे झाली. अडीच महिने गेले. घरात दोन्ही अबोले या काळातले. दुसरा सुरू झालेला मला आठवड्याने कळला, म्हणून तो तिसरा समजावा असे प्रेमलाचे म्हणणे आहे.

पुस्तिका फलकावर टाकली आणि जगाला काय झाले कोण जाणे. ब्राझीलमधल्या एका शाळेने कळवले की ती वाचून त्यांच्या शिपायाने कोठार चढवले. जर्मनीतल्या एका बाई प्रत्येक तीन प्रकरणांनंतर खरोखर उठून पाणी पीत होत्या. कोणी नवी सोय सुचवली की बाकीचे विचारू लागले, 'हे दत्तोबांना जमेल का?' आणि जमणार नसेल तर ती सोय बाद होऊ लागली. मे महिन्यात त्यांनी मतदान घेऊन मला पुस्तिका-प्रमुख केले. मी कसब्यात जाऊन दत्तोबांना सांगितले की, तुमचे नाव आता परदेशात घेतात. त्यांनी हातोडी खाली ठेवून विचारले, ''नापास झालो म्हणून?''

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी चौसष्ट पानी अहवाल घेऊन बैठकीला गेलो. इस्त्रीचा बुशशर्ट घातला होता. धाकटी का निवडावी याची कारणे, चारशे बारांपैकी तीनशे नव्वद टाइप झालेल्या धड्यांची सूची आणि शेवटी, ठळक अक्षरांत नव्हे, पण नजरेतून सुटणार नाही असा, मुदतवाढीचा मसुदा.

अहवाल उघडण्याआधीच आप्पासाहेबांनी टेबलावर एक चकचकीत खोके ठेवले. त्यावर कमळ होते आणि 'विद्याधन' असे नाव. शेजारी त्यांचे भाचे रणजित बसले होते. त्यांची बाणेरला कंपनी आहे.

''सोवनी सर, तुमी लई मेहनत घेतली,'' आप्पासाहेब म्हणाले. ''पर इचार केला, फुकटाची लोकं किंमत ठेवत न्हाईत. उद्या बंद पडलं तर धरायचं कुणाला? म्हणून आपल्या रणजितचं घेतलंय. ह्यो माणूस समोर तरी हाय.''

भांडायचे कोणाशी, हा माझाच जानेवारीतला प्रश्न होता.

रणजितने पडद्यावर विद्याधन दाखवायला सुरुवात केली. मी पाहिले, नंदाताईंनी पाहिले, मग आम्ही एकमेकांकडे पाहिले. चार प्रश्न विचारणारी, दिसायला बेताची, ती धाकटीच होती. फक्त निळ्याची केशरी झाली होती. मी खोक्यातली पुस्तिका उचलली. जाड गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. नववे पान उघडले. 'समजा, कसबा पेठेतील श्री. दत्तोबा...' अकराव्या पानावर माझा विद्यार्थी उठून पाणी पीत होता.

मी उभा राहिलो. ''ही पुस्तिका मी लिहिलेली आहे. आणि ही वस्तू तीच आहे, जी आम्ही फुकट निवडली.''

रणजित मात्र अजिबात गडबडला नाही. ''राइट, सर. ॲक्च्युअली ओपन सोर्सच आहे. सेल करायला अलाउड असतं. आम्ही आपल्यासाठी कस्टमाइझ केलंय.''

''काय बदललंत?'' नंदाताईंनी विचारले.

''कलर. आणि लोगो.''

आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. ''मंजी सर, तुमची समिती जे म्हणतीय तेच रणजितनं आणलंय? आन् पुस्तक तुमचंच? मग अडलंय कुठं? हे तर एकमत झालं! लिवा, समितीच्या शिफारशीनुसार विद्याधन एकमताने मंजूर.''

इतिवृत्तात तसेच लिहिले गेले. नंदाताईंनी आपला विरोध नोंदवायला सांगितला. तो 'किरकोळ चर्चेनंतर' या दोन शब्दांत नोंदवला गेला.

''आणि माझी मुदतवाढ?'' हे मला सगळ्यांसमोर विचारायचे नव्हते, पण विचारले.

''आता रणजितची माणसं चालवणार म्हटल्यावर तुमाला कशाला तरास?'' आप्पासाहेब खरोखर मायेने म्हणाले. ''एकतीस वर्सं राबलात. आता आराम करा.''

धाकटी कोणी कशी वापरावी याच्या अटींचा परवाना तिच्यासोबत येतो, तो दहा पानी परवाना छापून घेऊन मी दातारांकडे गेलो. या माणसाने कायद्याच्या कागदांत हयात घालवली होती. काहीतरी पळवाट काढील अशी आशा होती. त्यांनी दहाही पाने दोनदा वाचली.

''सोवनी, यात विकायला बंदी नाही. उद्या तुम्हीही विकू शकता.''

''मला विकायचं नाही.''

''मग तुमची तक्रार काय आहे?''

दातारांनी कागद सारखे करून परत दिले आणि बऱ्याच दिवसांत प्रथमच पत्र आले का, असे विचारले नाही. ते मला जास्त लागले.

एक ऑगस्टला विद्याधनचे उद्घाटन झाले. तीस सप्टेंबरला माझा निरोपसमारंभ झाला. आप्पासाहेबांनी भाषणात मला मंडळाचा आधारस्तंभ म्हटले आणि दुसऱ्या दिवसापासून मंडळ माझ्याशिवाय व्यवस्थित उभे राहिले. मी घरी 'अहो' झालो. हास्यक्लबात तीन दिवस गेलो. चौथ्या दिवशी तिथल्या संचालकांनीच प्रेमलाला सुचवले की, यांना योगासने जास्त मानवतील.

ऑक्टोबरच्या पाच तारखेला सकाळी दत्तोबांचा फोन आला. ''सर, तो वाऱ्यांचा धडा उघडत नाही हो. वर्तुळ फिरतंय नुसतं. नऊ दिवसांवर पेपर आलाय.''

''मी आता तिथं नाही, दत्तोबा. मंडळाला फोन करा.''

''केला. म्हणाले, कंपनी बघतीय.''

कंपनी कशी बघते आहे, ते मला तासाभरात दिसले. पुस्तिका-प्रमुख म्हणून मी फलक रोज उघडतोच. तिथे कल्याणी नावाच्या मुलीचा प्रश्न आला होता. इंग्रजीत, आणि फार घाईत. 'मदत करा. आमच्या ग्राहकाकडे धडा सात ते चाळीस उघडत नाहीत. आधीच्या कुठल्यातरी म्हाताऱ्या प्राध्यापकाने सगळ्या धड्यांची मांडणी फार किचकट करून ठेवली आहे. त्याला विचारायची सोय नाही. परीक्षा जवळ आली आहे.' तियागोने खाली लिहिले होते, 'काळजी नको. दिगंबर बघेल.'

दोन दिवस मी बघितले नाही. मला राग आला होता आणि तो मी नीट, पुरेपूर येऊ दिला. त्यांनी पैसे मोजून घेतलेली वस्तू आहे, ज्याला धरायचे तो माणूस समोर आहे, धरा म्हणावे. म्हाताऱ्या म्हणे. किचकट म्हणे! त्या मांडणीत एक एक धडा कोणत्या विद्यार्थ्याला कुठे अडेल, याचा विचार होता. प्रेमला माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, ''तो पाण्याचा हंडा आणला होता ना आपण कसब्यातून, त्या दत्तोबांचा पेपर कधी आहे हो?''

''चौदाला.''

''मग तुमचं रुसणं पंधरापासून ठेवा.''

मी उत्तर लिहायला बसलो. दोष मांडणीत नव्हता. केशरी रंग देताना कोणीतरी धड्यांच्या खणाचे नाव बदलले होते, आणि कोठार बिचारे जुन्या नावाने शोधत होते. सगळे पायरीपायरीने लिहिले. उद्दिष्ट, विवेचन, उदाहरण. दहा मिनिटांत तिचे उत्तर आले. 'थँक यू सर! तुम्ही देवासारखे धावलात. तुम्ही ब्राझीलला असता का?'

'सहकारनगरला,' मी लिहिले.

मग एकदम मराठीतच आले. 'अय्या सर! मग प्लीज एकदा येऊन दाखवाल का? मी क्लायंटच्या ऑफिसमध्येच बसते, माझ्यानं एकटीनं होणार नाही.' खाली तिने व्यवस्थित पत्ता दिला होता. स्वारगेटला उतरा, डाव्या हाताच्या गल्लीत वळा, पिवळी इमारत, सापडली नाही तर कोणालाही विचारा.

मी गेलो. ज्या जागेचा पत्ता एकतीस वर्षे हजारो पाकिटांवर माझ्या अक्षरात गेला, तिथे विचारत विचारत जाण्याचा प्रसंग आला नाही, एवढेच. दारात सर्जेराव उठून उभे राहिले, आणि मग त्यांनी खाली बघत एक वही पुढे केली. ''नवा नियम आलाय, सर. भायेरच्या माणसाला लिवावं लागतंय.'' मी लिहिले. कामाचे स्वरूप या रकान्यात 'भूगोल' असे लिहिले.

कल्याणी तेवीस-चोवीस वर्षांची, दोन दिवस नीट झोपलेली नसावी. तिने मला आत नेले आणि खिडकीजवळची खुर्ची ओढली. ''तुम्ही इथं बसा, सर. जरा जपून हं, हिचा एक पाय हलतो.''

पाय मागचा डावा. त्याच्याखाली घडी घालून ठेवलेला आफ्रिकेचा नकाशा मीच ठेवला होता, चौऱ्याण्णव साली. मी बसलो आणि, खोटे कशाला सांगू, मला फार बरे वाटले. इतके की डोळ्यांत पाणी येते की काय असे वाटून मी खिडकीबाहेर बघू लागलो.

''अगदी आरामात बसलात, सर,'' कल्याणी म्हणाली. ''आधी कधी आला होतात का इथं?''

दारात नंदाताई फायली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी तोंड मिटले आणि फायली टेबलावर ठेवून माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

''येणं-जाणं असायचं,'' मी म्हणालो. ''आता असं करा, धडा सातवा उघडा. दत्तोबा वाट बघतायत.''